कीबोर्डच्या व्होल्टेजनुसार सिक्वेन्सरची पट्टी बदलायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: युरोरॅकमध्ये, म्हणजे सुटी मॉड्यूल केबलनं जोडून बांधलेल्या सिंथेसायझरमध्ये, आठ स्टेपचा सिक्वेन्सर (ठरलेले सूर क्रमानं वाजवणारं मॉड्यूल) आहे आणि त्याच्या सीव्ही (कंट्रोल व्होल्टेज) इनपुटला कीबोर्डचं पिच व्होल्टेज जोडलंय. कीबोर्डवर जो सूर दाबू त्या पट्टीत सिक्वेन्स वाजावा, एवढीच अपेक्षा. प्रत्यक्षात मधला सी दाबला की सिक्वेन्स तीन सप्तकं वर पळतो, वरच्या सप्तकांत बेसूर होतो, एखादा सूर मधूनच थरथरतो आणि नवी पट्टी कधीकधी एक सूर उशिरा लागते. मेनूतली सगळी सेटिंग्ज बदलून झाली, फरक पडला नाही.

या चार तक्रारींची कारणं चार आहेत: शून्य कुठे धरलाय, एका सप्तकाला खरोखर किती व्होल्टेज पोचतंय, स्टेपच्या आणि कीबोर्डच्या व्होल्टेजची बेरीज क्वांटायझरच्या (व्होल्टेज स्केलमधल्या सुरावर बसवणाऱ्या भागाच्या) आधी होते की नंतर, आणि सिक्वेन्सर ते व्होल्टेज कोणत्या क्षणी वाचतो. यातली फार तर दोन मेनूत सापडतील. म्हणून मेनू बंद करा आणि केबलच्या वाटेनं चला.

आधी इनपुट ओळखा

नुसतं 'सीव्ही इन' लिहिलेल्या भोकाची कामं अनेक असू शकतात. काही सिक्वेन्सरमध्ये आलेलं व्होल्टेज प्रत्येक स्टेपच्या व्होल्टेजमध्ये मिळवलं जातं. तुम्हाला हवंय ते हेच. काहींमध्ये ते स्टेपमध्ये रेकॉर्ड होतं. काहींमध्ये ते ॲड्रेस असतं, म्हणजे व्होल्टेज सांगेल ती स्टेप वाजते. 0 ते 5 व्होल्टमध्ये आठ स्टेप वाटल्या तर दर 0.625 व्होल्टला पुढची स्टेप लागते. अशा इनपुटला कीबोर्ड जोडला तर सूर बदलल्याचा भास होतो, पण तो सिक्वेन्सचाच दुसरा सूर असतो.

ओळखायची पद्धत: क्लॉक (स्टेप पुढे ढकलणारे ठोके) काढून सिक्वेन्सर एका स्टेपवर थांबवा. कीबोर्डवर एक सप्तक वर जा. सूर सरकला तर ते ट्रान्सपोज इनपुट आहे. दिवा उडी मारून दुसऱ्या स्टेपवर गेला तर ॲड्रेस. काहीच झालं नाही तर हातानं क्लॉकचा एक ठोका द्या. तेव्हा बदल झाला तर इनपुट ट्रान्सपोजचंच आहे, फक्त ते क्लॉकच्या कडेला वाचलं जातं. ही गोष्ट पुढे उशिराच्या तक्रारीत कामाला येईल.

इनपुट आहे म्हणून तेच वापरलं पाहिजे असं मात्र नाही. निव्वळ पट्टी बदलायची असेल तर सिक्वेन्सरचं आउटपुट आणि कीबोर्डचं व्होल्टेज बाहेरच एका प्रिसिजन ॲडरमध्ये (व्होल्टेजची अचूक बेरीज करणाऱ्या मॉड्यूलमध्ये) मिळवून ऑसिलेटरला (सूर निर्माण करणाऱ्या मॉड्यूलला) देणं हा बहुतेक वेळा जास्त भरवशाचा मार्ग. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या लिंक्स मॉड्यूलमध्ये असा ॲडर आहे, डोएप्फर कंपनीचा ए-185-2 खास याच कामाचा आहे. साधा मिक्सर चालत नाही, त्याचं कारण खाली येईलच. ऑसिलेटरला 1 व्होल्टला एक सप्तक देणारी दोन इनपुट असतील तर ॲडरही नको, ऑसिलेटर स्वतःच बेरीज करतो. पण दुसऱ्या इनपुटला नॉब असेल तर ते एफएमचं (फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनचं) इनपुट समजा आणि पिचसाठी सोडून द्या.

तीन सप्तकं वर का जातो

युरोरॅकमध्ये 1 व्होल्ट म्हणजे एक सप्तक. एक सेमीटोन 83.33 मिलिव्होल्ट, एक सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग) 0.833 मिलिव्होल्ट. हे तीन आकडे पाठच असू द्यात, पुढचा सगळा हिशोब त्यांवर आहे.

प्रमाण ठरलेलं आहे. 0 व्होल्टला कोणता सूर हे ठरलेलं नाही. एखादा कीबोर्ड आपल्या सर्वांत खालच्या सीला 0 व्होल्ट देतो, दुसरा मधल्या सीला. तुमचा मधला सी बहुधा 3 व्होल्ट देतोय आणि सिक्वेन्सर इमानदारीनं तेवढे मिळवतोय. दोष कुणाचाच नाही. उपाय तीन. मेनूत 'रूट' किंवा 'बेस नोट' असं काही असेल तर तिथे मधला सी निवडा. कीबोर्डला सप्तकाची बटणं असतील तर तीन सप्तकं खाली उतरा, मात्र मग बाकीचं जे काही त्याच कीबोर्डवर चालतं तेही उतरेल. तिसरा उपाय म्हणजे ॲडरमध्ये उणे 3 व्होल्ट मिळवणं. त्यासाठी ठरावीक 1-1 व्होल्टच्या टप्प्यांचा स्विच असलेलं मॉड्यूल घ्या. नॉब फिरवून आणलेला ऑफसेट तासाभरात दोन-चार मिलिव्होल्ट सरकतो आणि तुम्ही ऑसिलेटरला दोष देत बसता.

इथेच रेंजही तपासा. इनपुट 0 ते 5 व्होल्ट एवढंच वाचत असेल तर उणे व्होल्टेज सरळ 0 धरलं जातं: मधल्या सीच्या खालचे सगळे सूर एकच पट्टी देतात. आउटपुटलाही मर्यादा असते. सिक्वेन्सचा वरचा सूर 4 व्होल्टवर असेल, कीबोर्डनं 2 मिळवले आणि आउटपुट 5 वर अडत असेल, तर सिक्वेन्सचं शेपूट वरच्या एकाच सुरावर चिकटतं. हे लक्षण दिसलं की कॅलिब्रेशनच्या मागे लागू नका. सिक्वेन्स एक सप्तक खाली लिहा आणि ऑसिलेटर एक सप्तक वर लावा.

वरच्या सप्तकांत बेसूर

आता मूळ दुखणं. आधी बेसूरपणाचा आकार पाहा, कारण दोष कुठे आहे ते तोच सांगतो. सगळ्या सप्तकांत सारख्याच सेंटनं चूक असेल तर ती फक्त शून्याची चूक आहे. ऑसिलेटरचा फाइन नॉब फिरवा, विषय संपला. चूक दर सप्तकाला सारख्या हिशोबानं वाढत असेल तर प्रमाण बिघडलंय. तीन सप्तकं नीट आणि चौथ्यातच बेसूर, तर बहुधा ऑसिलेटर वरच्या टोकाला मागे पडतोय. सिक्वेन्सरचा त्यात हात नाही.

प्रमाण बिघडण्याचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे लोडिंग. पुष्कळ मॉड्यूलच्या आउटपुटला संरक्षणासाठी 1 किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत असतो आणि इनपुटचा रोध साधारण 100 किलोओहम असतो. दोन्ही मिळून व्होल्टेज डिव्हायडर होतो: 1 व्होल्टमधले 0.990 पोचतात. कमी पडलेले 9.9 मिलिव्होल्ट म्हणजे दर सप्तकाला 12 सेंट. तीन सप्तकांत 36 सेंट, हे कुणाच्याही कानाला कळतं. त्यात पॅसिव्ह मल्टिपल (एक सिग्नल अनेक केबलींत वाटणारा साधा जोड) लावून तोच सिग्नल दोन ठिकाणी नेला तर इनपुटचा एकत्र रोध 50 किलोओहम होतो आणि चूक दर सप्तकाला साडेतेवीस सेंटवर जाते.

काही मॉड्यूलमध्ये तो रेझिस्टर ऑप-ॲम्पच्या (आउटपुट चालवणाऱ्या ॲम्प्लिफायर चिपच्या) फीडबॅकच्या आत घेतलेला असतो, तिथे ही घट होत नाही. तुमचं कोणत्या जातीचं आहे हे कळायला सर्किट नको. वरच्या सप्तकातला एक सूर धरून ठेवा आणि मल्टिपलमधून दुसरी केबल काढा-घाला. सूर हलला तर लोडिंग आहे. उपाय म्हणजे बफर्ड मल्टिपल (प्रत्येक वाटेला स्वतंत्र ॲम्प्लिफायर असलेला), उदाहरणार्थ डोएप्फर ए-180-3. पिच सीव्ही जिथे फाटतो तिथे बफर, एवढा नियम पाळला तर निम्म्या तक्रारी उरत नाहीत. गेट (कळ दाबलेली आहे हे सांगणारा सिग्नल), क्लॉक आणि एलएफओला (मॉड्युलेशनच्या संथ लाटेला) पॅसिव्ह मल्टिपल खुशाल चालतो.

दुसरं कारण म्हणजे वाटेतला अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा नॉब). सिक्वेन्सरच्या सीव्ही इनपुटजवळ नॉब असेल तर तो पूर्ण उजवीकडे फिरवल्यावर बरोबर 1 पट देईलच असं नाही. 2 टक्क्यांची चूक घ्या: 3 व्होल्टला 60 मिलिव्होल्ट, म्हणजे 72 सेंट. साध्या मिक्सरचं तेच. मॉड्युलेशनसाठी केलेल्या मिक्सरमध्ये 2 टक्के कुणी पाहत नाही, कारण फिल्टरला त्याचं काही वाटत नाही. प्रिसिजन ॲडर वेगळा पडतो तो जुळवलेल्या रेझिस्टरमुळे. 0.1 टक्क्याच्या रेझिस्टरांनी वाईटात वाईट फरक 0.2 टक्क्यांच्या आसपास राहतो, म्हणजे सप्तकाला अडीच सेंटच्या आत.

मोजायचं कशानं

साध्या 2000 काउंटच्या (1999 पर्यंतच आकडा दाखवणाऱ्या) मल्टिमीटरला 20 व्होल्टच्या रेंजवर 10 मिलिव्होल्टखालचं काही दिसत नाही, आणि 10 मिलिव्होल्ट म्हणजे 12 सेंट. 6000 काउंटचा मीटर 6 व्होल्टच्या रेंजवर 1 मिलिव्होल्ट दाखवतो, तो पुरतो. अचूकतेचा प्रश्न मात्र उरतोच. मीटरवर 0.5 टक्के लिहिलेलं असेल तर 3 व्होल्टचं वाचन 15 मिलिव्होल्ट इकडेतिकडे असू शकतं.

यातून सुटायचा मार्ग असा: खरं व्होल्टेज शोधू नका, एकाच मीटरनं साखळीची दोन टोकं मोजा. कीबोर्डवर एक सी दाबून आउटपुट मोजा, एक सप्तक वरचा सी दाबून पुन्हा मोजा, फरक लिहून ठेवा. मग सिक्वेन्सर एका स्टेपवर थांबवून, तेच दोन सूर दाबून, ऑसिलेटरच्या टोकाला फरक मोजा. मोजताना केबल ऑसिलेटरमध्ये घातलेलीच हवी, नाहीतर लोडिंग दिसणारच नाही. त्यासाठी एक टोक मल्टिपलमध्ये घेऊन मीटरचा प्रोब तिथल्या मोकळ्या केबलच्या टोकाला लावा. मीटरचा स्वतःचा भार 10 मेगाओहम असतो, तो नगण्य आहे. दोन फरक सारखे आले तर मधली साखळी निर्दोष आहे. मीटरची स्वतःची चूक दोन्हीकडे तेवढीच असल्यानं हिशोबातून निघून जाते.

मीटर नसेल तर ट्यूनर चालेल. कीबोर्ड थेट ऑसिलेटरला लावा, चार सप्तकांचे सी वाजवून सेंट लिहा. मग सिक्वेन्सरमार्गे तेच करा. दोन यादींमधला फरक सिक्वेन्सरचा, पहिल्या यादीतली चूक ऑसिलेटरची. ही वजाबाकी न करता सिक्वेन्सर कॅलिब्रेट करायला बसणं म्हणजे ऑसिलेटरची चूक सिक्वेन्सरमध्ये भरणं. दोन्हीआधी केस वीस-तीस मिनिटं चालू ठेवा. ॲनालॉग ऑसिलेटरचा एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टर (व्होल्टेजवरून सुराची कंपनसंख्या ठरवणारा भाग) तापमानाला हळवा असतो, दर अंश सेल्सियसला साधारण 0.33 टक्के. तापमान भरून काढणारा रेझिस्टर असला तरी तो ट्रान्झिस्टरइतकाच तापायला वेळ घेतो.

सिक्वेन्सरच्या मेनूत कॅलिब्रेशन असेल तर आधी आउटपुट, मग इनपुट. स्वतःचंच आउटपुट स्वतःच्या इनपुटला लावून करायची सोय पुष्कळ ठिकाणी असते. ती वापरायला हरकत नाही, पण आउटपुट चुकलेलं असेल तर इनपुट तीच चूक बरोबर म्हणून शिकेल आणि दोन्ही एकमेकांशी जुळलेली, जगाशी न जुळलेली राहतील. दोन बिंदू 1 आणि 3 व्होल्टला घ्या, 0 आणि 5 ला नको. फक्त धन व्होल्टेज वाचणाऱ्या इनपुटला 0 वर उणे ऑफसेट दिसत नाही आणि 5 जवळ ते अडलेलं असू शकतं. समजा 1 व्होल्टला 1.012 वाचलं आणि 3 व्होल्टला 3.008. फरक 2 ऐवजी 1.996, म्हणजे पट (1.996 भागिले 2) 0.998. ऑफसेट 1.012 वजा 0.998, म्हणजे 0.014. यापुढे प्रत्येक वाचनातून 0.014 वजा करून 0.998 ने भागायचं. ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचे छोटे नॉब) असलेल्या मॉड्यूलमध्ये हेच काम दोन ट्रिमर करतात; तिथे आधी पट लावा आणि ऑफसेट शेवटी, कारण पट हलवला की ऑफसेटही सरकतो.

थरथरणारा सूर

ही तक्रार सर्वांत मजेशीर आहे. तिची मुळं बेरीज कुठे होते यात आहेत.

उदाहरण घ्या. सिक्वेन्समध्ये सी, ई फ्लॅट, जी, बी फ्लॅट असे चार सूर आहेत: 0, 0.250, 0.583 आणि 0.833 व्होल्ट. क्वांटायझर सी मायनरवर. कीबोर्डवरून डी आला, म्हणजे 0.167 व्होल्ट मिळवायचे. बेरीज क्वांटायझरनंतर झाली तर डी, एफ, ए, सी वाजतात. चाल जशीच्या तशी, पट्टी दोन सेमीटोन वर. बेरीज आधी झाली तर क्वांटायझरला 0.167, 0.417, 0.750 आणि 1.000 दिसतात. पहिला डी, दुसरा एफ, चौथा सी, हे तिन्ही स्केलमध्ये आहेत. तिसरा ए आहे आणि तो सी मायनरमध्ये नाही. शेजारचे सूर ए फ्लॅट आणि बी फ्लॅट, 0.667 आणि 0.833 वर. 0.750 बरोबर मध्यावर पडतं. आता केबलमधला दोन मिलिव्होल्टचा गोंगाटही सूर कधी वर, कधी खाली ढकलायला पुरेसा आहे. तुमचा थरथरणारा सूर बहुधा असाच एक आहे. तो ठरावीक पट्टीतच थरथरत असेल तर बहुधाच्या जागी नक्की म्हणा.

म्हणजे दोष दुरुस्त करण्याआधी काय हवंय ते ठरवा. पट्टी खरोखर बदलायची असेल तर बेरीज क्वांटायझरनंतर. चाल एकाच स्केलमध्ये वरखाली सरकावी, मध्यंतरं स्केलप्रमाणे बदलावीत, असं हवं असेल तर बेरीज आधी. दोन्ही गोष्टी संगीताच्या दृष्टीनं योग्य आहेत, फक्त वेगळ्या आहेत. मेनूत त्या 'क्रोमॅटिक' आणि 'स्केल' किंवा 'डायटॉनिक' अशा नावांनी भेटतात. दुसरी निवडलीत तर क्वांटायझरचा हिस्टेरिसिस 10 ते 15 मिलिव्होल्टवर ठेवा, म्हणजे सीमारेषा तेवढी ओलांडल्याशिवाय सूर बदलणार नाही. जास्त ठेवू नका. 40 च्या पुढे गेला की क्रोमॅटिकमध्ये सेमीटोनचे बदल अडकायला लागतात, कारण सुरापासून सीमेपर्यंतचं अंतरच 41.67 मिलिव्होल्ट आहे.

थरथरीचं आणखी एक कारण सॉफ्टवेअरमध्ये असतं आणि ते आश्चर्य वाटेल इतक्या वेळा सापडतं: क्वांटायझर जवळच्या सेमीटोनला न नेता खालच्याला नेतो. मग बरोबर 1.000 व्होल्ट ही जागाच सीमारेषा होते. 0.999 आला की सीऐवजी बी. कीबोर्डचे सगळेच सूर मधूनमधून एक सेमीटोन उतरत असतील तर हाच प्रकार. इनपुटला कायमचे अर्धा सेमीटोन, म्हणजे 42 मिलिव्होल्ट, मिळवून पाहा. थरथर लगेच थांबली तर निदान पक्कं.

पिच बेंड आणि व्हायब्रॅटो या वाटेनं पाठवू नका. क्वांटाइझ करणाऱ्या इनपुटमधून बेंड गेला की त्याच्या पायऱ्या होतात. ते ऑसिलेटरच्या एफएम इनपुटला थेट द्या आणि कीबोर्डच्या पिच आउटपुटमध्ये बेंड मिसळलेला असेल तर तो तिथेच बंद करा. ग्लाइडचंही (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचंही) तेच.

पट्टी उशिरा लागते

सिक्वेन्सर व्होल्टेज तीन प्रकारे वाचू शकतो: सतत, दर स्टेपच्या क्लॉकवर, किंवा फक्त पहिल्या स्टेपवर. सतत वाचत असेल तर बोट पडताच, वाजत असलेल्या सुराच्या मध्येच पट्टी बदलते. दर क्लॉकवर वाचत असेल आणि बोट ठोक्याच्या जरा मागे पडलं तर बदल पुढच्या स्टेपला दिसतो. 120 बीपीएमला सोळाव्या हिश्श्याची स्टेप 125 मिलिसेकंदांची असते, म्हणजे बोट 2 मिलिसेकंद चुकलं तरी पट्टी 125 मिलिसेकंद उशिरा. हातानं वाजवणार असाल तर पहिल्या स्टेपवर वाचणारी सोय निवडा आणि नवा सूर आवर्तन संपायच्या आधी दाबून ठेवा.

ती सोय नसेल तर सॅम्पल अँड होल्ड (ट्रिगर आला की व्होल्टेज वाचून धरून ठेवणारं मॉड्यूल) बाहेर लावा: कीबोर्डचं व्होल्टेज त्याच्या सिग्नल इनपुटला, सिक्वेन्सरचा आवर्तन संपल्याचा किंवा पहिल्या स्टेपचा ट्रिगर त्याच्या ट्रिगर इनपुटला, आउटपुट ॲडरला. एक सावधगिरी हवी. ॲनालॉग सॅम्पल अँड होल्डमधलं व्होल्टेज कपॅसिटरवर असतं आणि ते गळतं. 10 नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि 100 पिकोॲम्पिअरची गळती धरली तर सेकंदाला 10 मिलिव्होल्ट, 12 सेंट. चार सेकंदांच्या आवर्तनात अर्धा सेमीटोन गेला. म्हणून सॅम्पल अँड होल्डनंतर क्रोमॅटिक क्वांटायझर ठेवा, पण तोही सुमारे 40 मिलिव्होल्टपर्यंतच सांभाळतो. त्यापुढे सूर थेट एक सेमीटोन उडी मारतो. संथ लयीला डिजिटल सॅम्पल अँड होल्ड घ्या.

पट्टी हातानं न बदलता दुसऱ्या सिक्वेन्सरनं बदलत असाल तर उशीर वेगळ्या कारणानं होतो, आणि तो प्रत्येक वेळी नेमका एका स्टेपचा असतो. दोघांना एकच क्लॉक मिळतं. पहिल्याचं व्होल्टेज क्लॉकनंतर मिलिसेकंदभरानं बदलतं. तोवर दुसऱ्यानं जुनं वाचून घेतलेलं असतं. दुसऱ्याच्या क्लॉकच्या वाटेत ट्रिगर डिले घाला. 1 मिलिसेकंदापासून वाढवत जा, दोष जिथे थांबेल त्याच्या दुप्पट ठेवा. 5 च्या आत काम होतं आणि तेवढा उशीर तालात जाणवत नाही. क्लॉकला डिले घालण्याऐवजी एका सिक्वेन्सरमध्ये पहिली स्टेप मागेपुढे सरकवून जुळवणारे लोक आहेत. रिसेट दिला की ते सगळं विस्कटतं.

तेच व्होल्टेज रेकॉर्ड करायचं असेल तर

रेकॉर्ड मोडमध्येही हीच शर्यत असते, फक्त इथे गेट विरुद्ध व्होल्टेज. सिक्वेन्सर गेट वर चढताच वाचतो आणि व्होल्टेज अजून नव्या सुरावर पोचलेलं नसतं. परीक्षा सोपी: एकेका सप्तकानं चढणारे चार सी वाजवा. रेकॉर्डमध्ये पहिल्या जागी आधीचा जुना सूर आणि मग पहिले तीन सी आले, चौथा गळाला, तर व्होल्टेज मागे राहतंय. गेटच्या वाटेत 2 ते 5 मिलिसेकंदांचा डिले घाला. काही सूर दोन सप्तकांच्या मधलेच आले असतील तर कीबोर्डचा ग्लाइड चालू राहिलाय.

इनपुट स्वतः बांधत असाल तर

10 व्होल्टची रेंज 10 बिटच्या कन्व्हर्टरनं (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिपनं) वाचली तर एक पायरी 9.8 मिलिव्होल्ट, जवळजवळ 12 सेंट. सेमीटोन ओळखायला पुरते, पण हिस्टेरिसिसला जागा कमी उरते. 12 बिटला पायरी 2.44 मिलिव्होल्ट, 3 सेंट. सेमीटोनला क्वांटाइझ करायचं असेल तर 12 बिट पुष्कळ झाले. क्वांटाइझ न करता जसंच्या तसं पुढे द्यायचं असेल तर 16 बिट घ्या, तिथे पायरी 0.2 सेंटच्या आत येते. सोळा वाचनांची सरासरी घ्या, पण ती ट्रिगर आल्यानंतर घेतलेल्या वाचनांची. सतत फिरत्या सरासरीत जुना सूर मिसळलेला असतो आणि वरची शर्यत तुम्ही स्वतःच्या हातानं बांधता. कन्व्हर्टरचा संदर्भ व्होल्टेज वेगळ्या चिपवरून घ्या, मायक्रोकंट्रोलरच्या 3.3 व्होल्टच्या लाइनवर दिवे लागले-विझले तरी वाचन हलतं.

प्रमाणच वेगळं असेल तर

एक सप्तक चढल्यावर सूर एक सप्तक आणि जवळजवळ अडीच सेमीटोन चढत असेल तर व्होल्टेज देणारं यंत्र बुकला कंपनीच्या पद्धतीचं, एका सप्तकाला 1.2 व्होल्ट देणारं आहे. 0.833 पट केलं की झालं, तेही अचूक रेझिस्टरनं. पहिलं सप्तक बरोबर, पुढचं दुप्पट, असं होत असेल तर ते कॉर्ग एमएस-20 सारखं हर्ट्झ प्रति व्होल्ट आहे: दर सप्तकाला व्होल्टेज दुप्पट, 1, 2, 4, 8. त्याला अटेन्युएटर किंवा ऑफसेट लावून काही साधत नाही. त्यासाठी खास कन्व्हर्टर मॉड्यूल लागतं, आणि त्या यंत्राचा गेटही उलटा, म्हणजे ग्राउंडकडे ओढणारा असू शकतो.

एवढं करूनही सूर डुलत असेल

सिक्वेन्सरचे दिवे पेटताना सूर किंचित ढळतो का, ते पाहा. कीबोर्ड आणि सिक्वेन्सर वेगवेगळ्या केसमध्ये, वेगवेगळ्या पॉवर सप्लायवर असतील तर दोन्हींचं ग्राउंड फक्त पॅच केबलच्या जाळीतून जोडलेलं असतं. तिथून दिव्यांचा प्रवाह गेला की ग्राउंडमध्येच दोन-चार मिलिव्होल्टचा फरक पडतो आणि तो थेट पिचमध्ये मिसळतो. दोन्ही केसच्या ग्राउंडमध्ये एक जाड तार स्वतंत्र टाका. डोएप्फरच्या ए-100 बसवर (केसमधल्या मॉड्यूलना पॉवर देणाऱ्या बोर्डवर) सीव्हीसाठीही एक लाइन असते. बसवरून ऑसिलेटरला व्होल्टेज मिळत असेल आणि तुम्हाला ते नको असेल तर मॉड्यूलवरचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) काढा, नाहीतर ती मोकळी लाइन अँटेनासारखी गोंगाट गोळा करते. जंपर काढण्याआधी सप्लाय बंद करा आणि रिबन केबल परत लावताना लाल कड उणे 12 व्होल्टच्या बाजूला आहे ना, ते बघा.